व्यास जुळतो, तरी नट चढत नाही: आट्यांचा इतिहास

१/ वर्कशॉपमधल्या जुन्या शेगड्याचा, म्हणजेच व्हाइसचा, स्क्रू झिजतो. त्याच जाडीचा नवा रॉड आणला जातो आणि तो जुन्या नटात शिरतच नाही. या अडचणीमागे दोनशे वर्षांचा इतिहास आहे.

२/ एकेकाळी प्रत्येक कारखान्याचे आटे निराळे असत. १८०० च्या सुमारास लंडनमध्ये हेन्री मॉडस्ले यांनी स्क्रू कापणारी लेथ प्रगत केली. एकसारखे आटे पुन्हा पुन्हा काढता येऊ लागले, पण कोणते आटे काढायचे हे ज्याचे त्यानेच ठरवायचे होते.

३/ मॉडस्ले यांच्याकडे काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थ यांनी अनेक कारखान्यांतले स्क्रू जमवून त्यांची सरासरी काढली. १८४१ मध्ये त्यांनी एक पद्धत सुचवली: आट्याचा कोन ५५ अंश आणि प्रत्येक व्यासाला दर इंची आट्यांची ठरलेली संख्या. ब्रिटिश यंत्रांबरोबर हेच आटे मुंबईच्या गिरण्यांत आणि रेल्वेच्या कारखान्यांत आले.

४/ १८६४ मध्ये फिलाडेल्फियाच्या विल्यम सेलर्स यांनी ६० अंशांचा, सपाट माथ्याचा आटा मांडला. तो कापायला आणि तपासायला सोपा होता. अर्ध्या इंची बोल्टला व्हिटवर्थचे दर इंची १२ आटे, तर सेलर्सचे १३. जाडी तीच, तरी मेळ नाही.

५/ दुसऱ्या महायुद्धात मित्रराष्ट्रांना या विसंगतीचा जाच झाला. अखेर १९४८ मध्ये ब्रिटन, अमेरिका व कॅनडा यांनी ६० अंशांचा समाईक आटा स्वीकारला.

६/ हे सारे त्रिकोणी आटे मुख्यतः जखडून ठेवण्यासाठी. शेगड्याचा स्क्रू मात्र भाराखाली सतत फिरतो. त्रिकोणी आट्याच्या उतारामुळे घर्षण वाढते. म्हणून शेगड्याला चौकोनी किंवा समलंब आटे देतात. बाजारातला नेहमीचा थ्रेडेड रॉड येथे लवकर झिजतो.

७/ समलंब आट्यांतही दोन घराणी आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत रूढ झालेला ॲक्मी २९ अंशांचा, तर मेट्रिक ३० अंशांचा. एक इंची ॲक्मीच्या लगतच्या आट्यांत ५.०८ मि.मी. अंतर असते, २४ मि.मी. मेट्रिकमध्ये प्रचलित अंतर ५ मि.मी. दहा आट्यांत हा फरक ०.८ मि.मी. होतो.

८/ भारताने १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापे स्वीकारली, पण जुने इंची शेगडे बाकावरून उतरले नाहीत. त्यामुळे एकाच वर्कशॉपमध्ये दोन्ही मापे नांदतात.

९/ म्हणून खरेदीपूर्वी चार गोष्टी पाहाव्यात: बाहेरचा व्यास, आट्याचा आकार, आटे उजवे की डावे, आणि स्क्रूच्या कमी झिजलेल्या टोकावर दहा आट्यांचे एकूण अंतर. त्यास दहाने भागले की आट्यांचे घराणे बहुधा ओळखू येते. तसा रॉड मिळत नसेल, तर एकाच मापाचे स्क्रू आणि नट जोडीनेच बदलावेत.