थंड भात, कच्चा मासा

कोलकात्यात सुशी नवी आहे. जपान नवा नाही. शहराच्या दक्षिण भागात अलीकडेच एक जपानी उपाहारगृह उघडलं, तिथं एका संध्याकाळी माझी बंगाली मैत्रीण मला घेऊन गेली. दोघींत एक ताट मागवलं. मला वाटलं होतं, ती कच्च्या माशाला नाक मुरडेल. बंगाली घरात झोलात सोडायचा मासाही आधी हळद-मीठ लावून मोहरीच्या तेलात परतलेला असतो. पण तिचा आक्षेप भाताला होता. भात थंड का? वाफ नसलेला भात पाहुण्यापुढं कोण ठेवतं? मग तिचं तिलाच हसू आलं, कारण आदल्याच दिवशी तिच्या घरी पांता भात झाला होता: रात्रभर पाण्यात ठेवलेला, किंचित आंबलेला, सोबत कांदा आणि मिरची.

तिच्या त्या हसण्यात सुशीचा अर्धा इतिहास आहे. सुशी मुळात ताज्या माशाचा पदार्थ नव्हे, ती मासा टिकवण्याची युक्ती. मासा खारवायचा, शिजवलेल्या भातात दाबून महिनोन्‌महिने ठेवायचा; भात आंबतो आणि त्या आंबटपणामुळं मासा सडत नाही. खायचा तो मासा, भात फेकून द्यायचा. ही रीत आग्नेय आशियातल्या भातखाचरांच्या मुलखातून जपानात गेली असावी, असं बहुतेक अभ्यासक मानतात. बिवा सरोवराकाठी अशी ‘फुनाझुशी’ आजही करतात आणि तिचा वास आपल्या सुकटीच्या डब्याला लाजवील असा असतो. पुढं भात फेकायचा थांबला, आंबवण्याची वाट पाहण्याऐवजी व्हिनेगर आलं, आणि १८२०च्या दशकात एदो शहरात, म्हणजे आजच्या तोक्योत, हातानं दाबून लगेच वाढायची सुशी रूढ झाली. त्याचं श्रेय हानाया योहेई या विक्रेत्याला देतात. आमच्या ताटातला केशरी सामन तर त्याहून कितीतरी अलीकडचा. जपानी लोक सामन कच्चा खात नसत. नॉर्वेच्या मासेविक्रेत्यांनी १९८०च्या दशकात खटपट करून त्यांना ती सवय लावली. ‘अस्सल’ हा शब्द खाण्याच्या बाबतीत जरा जपूनच वापरावा.

जपान मात्र कलकत्त्यात सुशीच्या शंभर वर्षं आधी आला, आणि आला तो मैत्रीच्या वाटेनं. कलेचे अभ्यासक ओकाकुरा काकुझो १९०२ साली इथं होते. विवेकानंदांबरोबर ते बुद्धगयेला गेले, ठाकुरांच्या घरात रमले. पूर्वेच्या आदर्शांवरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक १९०३ साली लंडनमध्ये निघालं, त्याला प्रस्तावना भगिनी निवेदितांची. सारा आशिया एक, हा त्यांचा विचार बंगालच्या तरुण मनांना फार भावला. १९०३ सालीच योकोयामा ताइकान आणि हिशिदा शुन्सो हे चित्रकार आले. अवनींद्रनाथांच्या चित्रांतली ती धुकट रंगांची रीत त्यांच्या सहवासातली.

याच वाटेनं एक माणूस उलट दिशेला गेला. १९१५च्या फेब्रुवारीतला लष्करी उठावाचा बेत फसल्यावर रासबिहारी बोस त्याच वर्षी मे महिन्यात कलकत्त्याहून बोटीनं निघाले, नाव पी. एन. ठाकूर, म्हणे रवींद्रनाथांचे नातलग. त्यांचा एक जवळचा सहकारी मराठी होता: तळेगाव ढमढेरेचा विष्णू गणेश पिंगळे. अमेरिकेतून १९१४च्या अखेरीस तो कलकत्त्याच्याच धक्क्यावर उतरला होता. मार्चमध्ये मेरठच्या घोडदळाच्या छावणीत तो बाँबसह पकडला गेला आणि १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरला कर्तारसिंग सराभा यांच्याबरोबर फासावर गेला. रासबिहारींना जपान सोडण्याचा हुकूम मिळाला तो त्याच महिन्याच्या अखेरीस. ब्रिटिशांच्या हाती पडले असते तर त्यांचंही तेच झालं असतं.

त्यांना लपवलं ते एका पाववाल्यानं. तोक्योच्या शिंजुकू भागात सोमा आइझो आणि कोक्को या दांपत्याची नाकामुराया नावाची बेकरी होती. तिच्या आवारात ते काही महिने राहिले. १९१८ साली सोमांच्या तोशिको या मुलीशी त्यांचं लग्न झालं, आणि १९२५ साली ती वारली. १९२७ साली नाकामुरायानं उपाहारगृह उघडलं तेव्हा जावयानं आग्रह धरला तो करीचा. जपानात तोवर मिळणारी करी इंग्रजांमार्फत पोचलेली, पीठ लावून दाट केलेली. रासबिहारींना ती आपली वाटेना. त्यांनी हाडासकट कोंबडी आणि घरच्यासारखा मसाला लावला. किंमत नेहमीच्या करीच्या कितीतरी पट, तरी ती चालली. आजही नाकामुराया ती विकतं, ‘प्रेम आणि क्रांतीची चव’ म्हणून. जाहिरातीतलं प्रेम समजतं. क्रांतीची चव मात्र त्या माणसाला वेगळी लागली असणार. तो पुन्हा घरी आलाच नाही.

आणि मैत्रीही तशी राहिली नाही. १९३५-३६ साली भारतात व्याख्यानं देऊन गेलेले कवी योने नोगुची यांनी १९३८ साली रवींद्रनाथांना पत्र लिहून चीनवरच्या जपानी स्वारीचं समर्थन केलं. रवींद्रनाथांनी ते साफ नाकारलं. आशिया एक, तर मग चीन कोण, हा प्रश्न त्या पत्रव्यवहारात उघड्यावर आला. रासबिहारी मात्र जपानच्या बाजूलाच राहिले. त्यांची अडचण मी समजू शकते. त्यांची बाजू मला घेता येत नाही.

ताट अर्धं झालं तेव्हा मैत्रीण म्हणाली, “आमच्या दिदिमाला जपान म्हटलं की होड्याच आठवायच्या.” तिचं आजोळ बारिसालचं. १९४२ साली ब्रह्मदेश पडल्यावर, जपानी किनाऱ्यावर उतरतील या धास्तीनं सरकारनं बंगालच्या किनारी जिल्ह्यांत ‘नकाराचं धोरण’ लागू केलं: शत्रूच्या हाती काही लागू द्यायचं नाही. बाकरगंज, खुलना, मेदिनीपूर इथला ‘जादा’ ठरवलेला तांदूळ उचलला गेला. दहापेक्षा जास्त माणसं वाहू शकेल अशी प्रत्येक होडी सरकारजमा करायची, नाहीतर मोडायची. चाळीस हजारांहून अधिक होड्या अशा निकामी झाल्या. नद्यांच्या त्या मुलखात होडी म्हणजे कोळ्याचं जाळं, शेतकऱ्याची बैलगाडी, कुंभाराची माती आणायची सोय. भात आणि मासा: आमच्या ताटात होत्या त्या दोनच गोष्टी, आणि जपानी सैनिक तिथं उतरण्याआधीच त्या गावांतून त्या हलवल्या गेल्या.

जपानी सैन्य त्या किनाऱ्यावर आलंच नाही. विमानं मात्र आली: २० डिसेंबर १९४२ पासून कलकत्त्यावर रात्रीचे बाँब पडू लागले. दुष्काळाला हे एकच कारण नव्हतं. ब्रह्मदेशचा तांदूळ बंद झाला होता, ऑक्टोबरात मेदिनीपूरला वादळ झालं होतं, आणि युद्धाच्या खर्चानं भाव पेटले होते. सरकारी चौकशी आयोगानं मृत्यूंचा आकडा १५ लाख धरला. नंतरचे अभ्यासक ३० लाखांच्या आसपास जातात. ५ डिसेंबर १९४३ रोजी, फुटपाथवर अजून भुकेली माणसं मरत असताना, जपानी विमानांनी भरदिवसा खिदिरपूरच्या गोदीवर बाँब टाकले. मेले ते मुख्यतः गोदीतले मजूर.

रासबिहारी २१ जानेवारी १९४५ रोजी तोक्योत वारले. त्यांचा आणि तोशिकोचा मुलगा मासाहिदे जपानी सैन्यात होता. तो त्याच वर्षी ओकिनावाच्या लढाईत मारला गेला.