शब्दकोड्यातली पालेभाजी

येडगाव, नारायणगाव, ओतूर हा पट्टा धरणाच्या पाण्यावर मेथी-कोथिंबीर काढणारा. बाजारात जुड्यांचा भाव शेकड्यावर बोलला जातो. हीच भाजी शब्दकोड्यात गेली की हिशेब घरांवर येतो: मेथी दोन घरं, कोथिंबीर चार.

कोड्यात वनस्पती आली ती अगदी पहिल्या दिवसापासून. २१ डिसेंबर १९१३, रविवार. ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’च्या ‘फन’ पुरवणीत मूळ लिव्हरपूलच्या आर्थर विन यांनी एक कोडं छापलं. नाव ‘वर्ड-क्रॉस’, काही आठवड्यांतच छपाईत शब्द उलटले आणि ‘क्रॉस-वर्ड’ झालं ते कायमचं. चौकट हिऱ्याच्या आकाराची, मध्ये पोकळ, काळं घर एकही नाही. मधल्या उभ्या रांगेत, पोकळीच्या खाली, चार घरं. सूचना एवढीच: सुगंधी वनस्पती. उत्तर: नार्ड. एन, ए, आर ही अक्षरं तीन आडव्या शब्दांत अडकलेली, आणि उरलेला डी म्हणजे हिऱ्याचं खालचं टोक.

नार्ड म्हणजे आपली जटामांसी. हिमालयात तीन हजार मीटरच्या वर उगवणारं बुटकं रोप, मुळाशी केसांसारख्या तंतूंचा झुपका. काष्ठौषधींच्या दुकानात ती वाळलेली मिळते आणि केसांच्या तेलात पडते. संस्कृत ‘नलद’पासून ग्रीक-लॅटिनमार्गे इंग्रजीत हे नाव पोचलं असावं, असं व्युत्पत्तिकार मानतात. विन यांना जटामांसीचं फारसं कौतुक असेल असं वाटत नाही. त्यांना रिकामी घरं भरायची होती.

मराठीत आल्यावर कोड्याचा कायदाच बदलला. इथे एका घरात काना-मात्रा, वेलांटी, जोडाक्षरासकट अख्खं अक्षर बसतं. म्हणून ब्राह्मी दोन घरांत मावते आणि साध्यासुध्या चाकवताला चार लागतात. छेद देणाऱ्याचे हाल वेगळेच. मेथीतल्या ‘थी’वर संपणारे पोथी, सारथी चटकन सापडतात, ‘थी’ने सुरू होणारा शब्द शोधायला बसा, घाम फुटेल. कोडं रचणारा मग मेथी रांगेच्या अशा जागी ठेवतो, की ‘थी’ हे उभ्या शब्दाचं शेवटचं घर व्हावं.

आपल्या पालेभाज्यांनी एक सोय मात्र आयती करून ठेवली आहे. माठ ही भाजी, पाण्याचं भांडं आणि वर बिनडोक माणूसही. चुका भाजीतही असतात आणि शुद्धलेखनातही. घोळ तर भाजी, मासा, परकराचा घेर आणि गोंधळ. बांधावर जमिनीलगत पसरणारी, लालसर गुबगुबीत देठांची, आंबटसर चवीची ही रानभाजी समोर असताना ‘एक पालेभाजी’ अशी कोरडी सूचना देणाऱ्यांचा मला राग येतो. ‘निवडली तर भाजी, घातला तर गोंधळ’ असं लिहायला काय जातं? कोथिंबिरीला हा फायदा नाही. चार घरं अडवायची आणि अर्थ एकच.