न्यायासनावरील माणसे

कायदा पुस्तकात आहे तसाच राहतो. परंतु न्यायासनावरील माणसे बदलली की व्यक्तिस्वातंत्र्याची सीमाही हलते. मुंबईच्या इतिहासात याचा जुना दाखला आहे.

१८२४ साली मुंबईत राजाचे सुप्रीम कोर्ट सुरू झाले. १८६२ साली स्थापन झालेल्या उच्च न्यायालयाचे हे पूर्वरूप. त्याचे मुख्य न्यायाधीश सर एडवर्ड वेस्ट ऑगस्ट १८२८ मध्ये निवर्तले आणि सर चार्ल्स चेंबर्स व सर जॉन पीटर ग्रँट हे दोघेच उरले. पुण्याचा मोरो रघुनाथ हा मुलगा आप्ताच्याच घरी अडकवून ठेवला आहे, अशी फिर्याद येताच त्यांनी त्याला हजर करण्याचा, म्हणजेच हेबियस कॉर्पसचा, हुकूम काढला.

गव्हर्नर सर जॉन माल्कम यांना हे रुचले नाही. बेटाबाहेर, कंपनीच्या अदालतींच्या मुलखात, या कोर्टाचा अधिकार चालत नाही, असा सरकारचा पक्ष होता. हुकुमाची तामिली होऊ दिली गेली नाही. ऑक्टोबरात चेंबर्सही वारले. एकाकी ग्रँट नमले नाहीत. १ एप्रिल १८२९ रोजी त्यांनी कोर्टच बंद केले.

मे महिन्यात प्रिव्ही कौन्सिलने सरकारचा पक्ष उचलून धरला. त्या पक्षात कायद्याचा काही आधार होताच. परंतु विलायतेतील बोर्ड ऑफ कंट्रोलचे अध्यक्ष लॉर्ड एलेनबरो निकालासाठी थांबले नव्हते. मृत्यूने रिकाम्या केलेल्या दोन जागांवर ड्यूअर व सेमूर यांना नेमून, दोन माणसाळलेल्या हत्तींमध्ये रानहत्ती उभा करावा तसे ग्रँट यांना आवरावे, असा बेत त्यांनी माल्कमना पत्राने कळविला. ते पत्र पुढे वृत्तपत्रांत प्रसिद्ध झाले, आणि नेमणुकीमागचा हेतू जगजाहीर झाला.

स्वतंत्र भारतातही तशी वेळ आली. आणीबाणीत मुंबईसह नऊ उच्च न्यायालयांनी स्थानबद्धांचा दाद मागण्याचा हक्क मान्य केला. सर्वोच्च न्यायालयाने २८ एप्रिल १९७६ रोजी तो नाकारला. त्याच वर्षी उच्च न्यायालयांच्या सोळा न्यायाधीशांच्या बदल्या झाल्या. त्या निकालाशी एकट्यानेच असहमत राहिलेले न्यायमूर्ती खन्ना यांना डावलून १९७७ मध्ये त्यांच्याहून कनिष्ठ न्यायाधीश सरन्यायाधीश झाले. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच तो निकाल रद्द ठरविला.

हेबियस कॉर्पस मोडण्यासाठी कायदा बदलावा लागतोच असे नाही. रिकामे आसन कोणी भरावे, एवढे हाती असले तरी पुरते. म्हणून न्यायाधीशांच्या नेमणुका व बदल्या ही नुसती दफ्तरी बाब मानता येत नाही.