किल्लारी, आमोस आणि ‘न्याय’

३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीची विसर्जनाची रात्र सरून पहाटेचे चार वाजत आले असताना किल्लारी-सास्तूरचा भूकंप झाला. आम्ही तेव्हा शाळकरी होतो. त्यानंतर कितीतरी दिवस एक वाक्य कानांवर येत राहिले : पापाचा घडा भरला होता. कोणाचा, हे मात्र कोणी सांगत नसे.

आज तौलनिक साहित्याच्या तासाला जुन्या करारातील आमोसचा ग्रंथ निघाला की ते वाक्य आम्हांला हटकून आठवते. इ. स. पूर्व आठव्या शतकातील या हिब्रू संदेष्ट्याचा काळच ग्रंथारंभी एका भूकंपाच्या दोन वर्षे आधीचा म्हणून सांगितला आहे. नगरावर अरिष्ट येते ते परमेश्वराने आणल्यावाचून येते काय, असे तो विचारतो. विद्यार्थी येथे अडखळतात, आणि अडखळावेच.

पण आमोस हे कोणाला ऐकवतो? प्रथम तो दमास्कस, गाझा, सोर या परक्यांचे अपराध मोजतो; तोवर श्रोते माना डोलावत असतील. मग यहूदा, आणि शेवटी थेट इस्राएल : जोड्याच्या मोलाने गरिबाला विकणारे, खोटा तराजू धरणारे. हिब्रूतील ‘मिश्पाट’ म्हणजे निवाडाही आणि न्यायही. आपल्या ‘न्याय’ या शब्दातही दोन्ही अर्थ नांदतात. आमोसचा निवाडा हा सुखवस्तूंना अरिष्टापूर्वी दिलेला इशारा आहे. मेलेल्यांकडून पापाचा हिशेब मागतात ते ईयोबाचे मित्र, आणि त्या ग्रंथात देवाचा कोप त्यांच्यावरच होतो. किल्लारीत झोपलेल्यांवर कोसळल्या त्या मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि मातीची जड माळवदे.

१५ जानेवारी १९३४ च्या बिहार भूकंपाला गांधीजींनी अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा म्हटले. रवींद्रनाथांनी जाहीर आक्षेप घेतला आणि गांधीजींनी तो ‘हरिजन’मध्ये छापलाही. गांधीजींचा रोख आमोससारखाच, सवर्णांकडे होता. पण ते बोलले भूकंपानंतर, आणि मृतांत दलितही होते. आमचा कौल रवींद्रनाथांकडे.

बेथेलचा याजक अमस्या याने आमोसविरुद्ध राजाकडे तक्रार केली. तीत भूकंपाचा उल्लेखही नाही. आरोप होता तो राजाविरुद्ध कट केल्याचा.