आरमाराचे बळ गोदीत

श्रोतेहो, आरमार म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे तोफा, शिडे आणि जलदुर्ग उभे राहतात. शाळेतल्या धड्यांतही लढायाच अधिक. पण जहाजाचा जो भाग कधी दिसत नाही, त्या पाण्याखालच्या तळाची निगा कशी राखत? आज त्याचाच थोडा विचार करू.

लाकडी जहाज खाऱ्या पाण्यात राहिले की त्याच्यामागे दोन पीडा लागतात. बाहेरून शेवाळ आणि कवचाचे बारीक जीव चिकटतात. तळ खरखरीत होतो, चाल मंदावते. दुसरी पीडा आतली. जहाजकिडा म्हणतात तो प्राणी खरे पाहता किडा नव्हे, शिंपल्याच्या जातीचा आहे. तो लाकूड पोखरत जातो. वरून फळी धड दिसते, आत मात्र तिची चाळण झालेली असते. सागात अंगचे तेल असते, म्हणून साग जास्त टिकतो. पण सागालाही राखावे लागतेच. तळ खरवडायचा, सांध्यांत कापूस आणि राळ भरायची, वरून तेलाचा हात द्यायचा. विलेपार्ल्याहून जवळच असलेल्या वेसाव्याच्या कोळीवाड्यात पावसाळ्यात मासेमारी थांबली की होड्यांची डागडुजी निघते. किनाऱ्यावरच्या श्रोत्यांना हे नवे नाही.

होडी माणसे ओढून वर घेतात. पण आंग्र्यांच्या गुराबांचे काय? तीन डोलकाठ्यांची गुराब सुमारे ३०० टनांची असे. तिचा तळ मुद्दाम उथळ ठेवीत, म्हणजे खोल तळाची परकी जहाजे जिथे शिरू शकत नाहीत, त्या खाडीत ती शिरे. याची किंमतही होती बरं का! तळाचा कणा खोल नसला की आडव्या वाऱ्यात जहाज बाजूला सरकते. अशा जहाजाचा तळ घाण झाला, तर त्याच्या हाती उरले काय?

याचे उत्तर विजयदुर्गजवळ गिर्ये येथे, वाघोटन खाडीच्या काठी आहे. तिथे खडक फोडून केलेली, आंग्र्यांची म्हणून ओळखली जाणारी गोदी आहे. लांबी सुमारे ३५५ फूट. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला जहाज आत घ्यायचे. ओहोटीने पाणी उतरले की तळ उघडा पडतो आणि सुतारांचे काम सुरू होते. भरती-ओहोटीलाच इथे कामाला लावले आहे!

फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रजांच्या तोफांच्या माऱ्यात तुळाजी आंग्र्यांचे आरमार विजयदुर्गाखाली जळून गेले. या मोहिमेत पेशवे इंग्रजांच्या बाजूने होते, हे कटू असले तरी सांगितले पाहिजे. जहाजे जळाली, पण ते बंदर, ती खाडी राहिली. पुढे तिथेच पेशव्यांचे आरमार उभे राहिले, आणि १७८३ मध्ये आनंदराव धुळपांनी इंग्रजांचे ‘रेंजर’ जहाज पकडले.

इंग्रजांनाही गोदीचे मोल कळले होते. त्यांनी १७३६ मध्ये सुरतेहून लवजी नसरवानजी वाडिया या कुशल कारागिराला मुंबईस आणले, आणि १७५० मध्ये तिथे कोरडी गोदी तयार झाली. मुंबईत सागवानाचे बांधलेले आणि १८१७ मध्ये पाण्यात सोडलेले ‘त्रिंकोमाली’ जहाज इंग्लंडात हार्टलपूल येथे आजही तरंगते आहे. साग उत्तम, बांधणी उत्तम. पण निगा राखली नसती तर तेही केव्हाच कुजून गेले असते.

शिक्षकबंधुभगिनींनो, आरमाराचा धडा शिकवताना तोफा आणि तारखा जरूर सांगा. त्याबरोबर मुलांना हेही विचारा, की लढाई नसे त्या दिवसांत ही जहाजे कोण राखत होते? ज्या सुतारांनी तळ खरवडले आणि सांधे भरले, त्यांतल्या बहुतेकांची नावे आपल्या पुस्तकांत नाहीत. त्यांच्या हातांची खूण मात्र गिर्याच्या खडकात आहे. जमेल तेव्हा मुलांना तिथे न्या आणि ती दाखवा.