गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे अवस्थानिश्चयन : हस्तपरीक्षा आणि प्रतिमा

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची अवस्था दीर्घकाळ मुख्यतः हस्तपरीक्षेनेच ठरविली जात असे. रोग लगतच्या ऊतींत शिरला आहे काय, यावर शस्त्रक्रिया की किरणोपचार हा निर्णय अवलंबून असतो; तो चुकल्यास स्त्रीला दोन्ही उपचारांचे क्लेश सोसावे लागतात. इ. स. १९७१ मध्ये लंडन येथे सी. टी. यंत्राने पहिल्या रुग्णाची तपासणी झाली. परंतु शिरेतून आयोडीनयुक्त द्रव्य देऊनही त्या प्रतिमेत अर्बुद व निरोगी ऊती पुष्कळदा सारख्याच दिसतात. एम. आर. आय.मध्ये हा भेद गॅडोलिनियमवाचूनही बहुधा स्पष्ट होतो. तथापि २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन अभ्यासात, १७२ स्त्रियांच्या पूर्ण नोंदींनुसार, पसरलेला रोग हस्तपरीक्षेने शेकडा २९, सी. टी.ने ४२ व एम. आर. आय.ने ५३ इतकाच ओळखला गेला. उलटपक्षी, रोग न पसरल्याचे निदान अनुक्रमे शेकडा ९९, ८२ व ७४ स्त्रियांत बरोबर ठरले. म्हणजे प्रतिमेने रोग अधिक हेरला, तसा नसलेलाही अधिक दाखविला. २०१८ साली आंतरराष्ट्रीय स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्र महासंघाने अवस्थानिश्चयनात प्रतिमेस स्थान दिले. मात्र ती अनिवार्य केली नाही. जेथे यंत्र नाही, तेथील स्त्रीचाही विचार या नियमात आहे.