वेणुग्रामाचे दगड

बेळगावी येणारा पाहुणा बहुधा छावणीतील चर्च, जुन्या शाळा व बाजारपेठ पाहून परततो. किल्ल्यात तो क्वचितच जातो, आणि हलशीचे तर त्याने नावही ऐकलेले नसते. बेळगाव-निपाणीच्या सीमाभागात ज्यांची नेमणूक होते, त्या धर्मगुरूंनी व धर्मशिक्षकांनी तरी ही दोन्ही स्थळे पाहावीत, असे आम्हांस वाटते.

बेळगाव म्हणजे प्राचीन वेणुग्राम. रट्ट राजांनी सौंदत्तीहून आपली राजधानी येथे आणली. चौथ्या कार्तवीर्याचा अधिकारी बिचिराज याने १२०४ मध्ये किल्ल्यात जे जैन मंदिर बांधविले, तीच आजची कमल बस्ती. मंडपाच्या छतातून खाली उमललेले दगडी कमळ पाहण्यास मान मागे टाकून बराच वेळ उभे राहावे लागते. घाईने जाणाऱ्याचे ते काम नव्हे. रट्टांनंतर यादव, विजयनगर, बहमनी, आदिलशाही, मराठे व १८१८ मध्ये इंग्रज, असे धनी बदलत गेले.

त्याच तटाच्या आत आदिलशाहीतील सरदार असदखानाच्या काळची साफा मशीद आहे. तिच्यातील दोन खांब पूर्वीच्या देवालयांतील असून त्यांवर लेख कोरलेले आहेत. एक ११९९ चा, कार्तवीर्याच्या कारकिर्दीतला. दुसरा यादव राजा कृष्ण याच्या काळचा. लेखांची भाषा कन्नड, लिपी मात्र नागरी! सीमावादात हा दगड कोणाच्या बाजूने साक्ष देईल?

बल्गेरियाच्या राजधानीला जिच्यावरून सोफिया हे नाव पडले, ते सहाव्या शतकातील ख्रिस्तमंदिर तुर्की अमलात मशीद झाले व विसाव्या शतकात पुन्हा ख्रिस्तमंदिर झाले. तेथील हानी आपल्याला चटकन आपली वाटते. बेळगावात हानी इतरांची झाली, म्हणून आपली निःपक्षपाती दृष्टी येथे फार स्वस्तात मिळते, हे ध्यानी ठेवलेले बरे. भाषेच्या बाबतीत मात्र आपण त्रयस्थ नाही. बेळगाव धर्मप्रांत १९५३ मध्ये स्थापन झाला, तेव्हा हे शहर मुंबई राज्यात होते. १९५६ मध्ये ते म्हैसूर राज्यात गेले आणि त्या राज्याचे नाव १९७३ मध्ये कर्नाटक झाले. रविवारची मिस्सा मराठीत की कन्नडमध्ये, कोंकणी भाविकांचे काय, या प्रश्नांवर आजही मने दुखावतात. जो गट संख्येने मोठा, तो इतिहासाचा आधार घेतो. पण ज्याने तो खांब वाचला आहे, त्याला असा आधार घेताना थोडे अडखळावेच लागेल. आमच्या मते वेळापत्रक ठरविताना कोणत्या घरातील म्हातारी कोणत्या भाषेत प्रार्थना करते, एवढेच विचारावे.

हलशी खानापूर तालुक्यात आहे. बनवासीच्या कदंबांची ही दुसरी राजधानी, पलाशिका. आज ते एक खेडे आहे. भूवराह-नरसिंहाचे देऊळ उत्तरकालीन गोव्याच्या कदंबांच्या काळचे. पण हलशीचे खरे धन तिच्या परिसरात सापडलेल्या संस्कृत ताम्रपटांत आहे. पाचव्या शतकातील राजा मृगेशवर्मा हा ब्राह्मण कुळातला. दिवंगत पित्यावरील भक्तीने त्याने पलाशिकेत जिनालय बांधविले, आणि भूमिदान दिले ते यापनीय, निर्ग्रंथ व कूर्चक या तिन्ही जैन संघांना. हे संघ परस्परांहून वेगळे होते, हे राजाला ठाऊक होते. ताम्रपटात त्याने तिघांचीही नावे घातली आहेत.